तालुक्याची फॉल्ट-वही: मेंटेनन्सवाल्यांनी एकमेकांकडून शिकायची सोय कशी करायची

मागच्याच्या मागच्या सीझनची गोष्ट आहे. मी यवतमाळ जिल्ह्यात एका जिनिंगवर (कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना) मेंटेनन्स पाहतो, डिप्लोमा इलेक्ट्रिकल, नऊ वर्षांचा अनुभव, म्हणजे स्वतःला शहाणा समजायला पुरेसा. डिसेंबर महिना, गेटबाहेर कापसाच्या गाड्यांची लाईन, आणि सक्शन फॅनची ३० एचपीची मोटर रोज दुपारी चारच्या सुमारास ट्रिप. सकाळी चालू केली की मस्त चालते, दुपार कलली की ओव्हरलोड रिले (जास्त करंट गेला की मोटर बंद करणारा) टक्. मी रिले बदलला, बेअरिंग बदलली, फॅन उघडून अडकलेली रुई काढली, शेवटी मोटर उतरवून रिवाइंडिंगला (आतली तांब्याची तार नव्यानं गुंडाळायला) पाठवली, चार दिवस एक लाईन बंद, मालकाचं तोंड वाकडं, आणि नवी वाइंडिंग भरून मोटर आली, लावली, तर दुपारी चारला पुन्हा टक्.

बाजाराच्या दिवशी तर्री-पोह्याच्या गाडीवर दुसऱ्या जिनिंगचा फिटर भेटला, १४ किलोमीटरवरचा. सहज बोलता बोलता त्याला सांगितलं. त्यानं पोह्यातून डोकंही वर नाही केलं, म्हणे, "कॉन्टॅक्टरच्या पोलवर व्होल्टेज पाह्यलं का, लोडवर? आमच्या इथं मांगच्या सालीच झालं नं हे."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थांबलो, पॅनल गरम होऊ दिलं, आणि मोटर चालू असताना मेन कॉन्टॅक्टरच्या (मोटरचा करंट जोडणारा-तोडणारा मोठा स्विच) प्रत्येक पोलच्या वरच्या आणि खालच्या टर्मिनलवर मीटर लावला. दोन पोलवर नुसते मिलिव्होल्ट. तिसऱ्यावर तीन व्होल्ट. कॉन्टॅक्ट खाल्लेला होता. आता स्टार-डेल्टात (मोटर आधी कमी व्होल्टेजवर उचलून मग पूर्ण व्होल्टेजवर आणणारी जोडणी) त्या जागी करंट होता २३ अँपिअर, २३ गुणिले ३ म्हणजे जवळपास ७० वॅटची शेगडी, आणि तो ओव्हरलोड रिले थर्मल, म्हणजे गरम होऊनच उठणारा, नेमका तिच्याच खाली चिकटून बसलेला. रिले करंटनं नाही, शेजारच्या उष्णतेनं ट्रिप होत होता. मोटरचा काही दोषच नव्हता बिचारीचा. कॉन्टॅक्ट किट टाकली, विषय संपला.

मला राग रिवाइंडिंगच्या बिलाचा नाही आला. राग याचा आला की इलाज वर्षभरापासून १४ किलोमीटरवर एका माणसाच्या डोक्यात पडून होता आणि तो माझ्यापर्यंत आणणं हे कोणाचंच काम नव्हतं. पोहे खायला त्या दिवशी गेलो नसतो तर अजून एक मोटर उतरवली असती. त्यातूनच आमची वही सुरू झाली, आता तिसरं वर्ष आहे. ती कशी सुरू केली, कुठं आपटलो, कुठं जमलं, हे सांगतो, तुमच्या तालुक्यात करायचं असेल तर कामी येईल.

सुरुवात कोणापासून

पहिली चूक आम्ही केली ती ग्रुप काढायची. एका रात्रीत ६०-७० लोक, सकाळी गुड मॉर्निंगची फुलं, दुपारी राजकारण, आणि मधातच कोणीतरी "५ एचपी मोटर घ्यायची आहे, कोणती चांगली?" दोन महिन्यांत बंद पडला. म्हणून सांगतो, आधी माणसं जमवा, ग्रुप नंतर. पाच-सहा पुरे. पण निवडताना डिग्री पाहू नका, हात कुठं कुठं लागतात ते पाहा. आमच्यात सुरुवातीला होतो मी, तो १४ किलोमीटरवाला फिटर, एक रिवाइंडिंगवाले काका, सोलर पंप बसवणारा एक पोरगा, ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठ्याचा पंप पाहणारे एक मामा आणि एक लाईनमन. बीई झालेला कोणीच नव्हता तेव्हा, नंतर दोघं आले, आणि खरं सांगायचं तर त्यांना पहिले सहा महिने गप्प बसून ऐकायला लावलं तेच त्यांच्या कामी आलं. उलटही खरं आहे बरं का. आम्ही वीस वर्षांपासून जे "असंच असते" म्हणून करत होतो त्यातलं अर्धं काहून असते ते त्या पोरांनी कागदावर गणित मांडून दाखवलं.

रिवाइंडिंगवाला घ्याच. लाईनमन घ्याच. बाकीचे लोक बिघाडाचा आपापला तुकडा पाहतात, म्हणजे जिनिंगवाला जिनिंगचा, सोलरवाला सोलरचा. रिवाइंडिंगवाल्याकडे मात्र अख्ख्या तालुक्यातल्या मेलेल्या मोटरी येतात, पोस्टमॉर्टेम तोच करते.

भेटायचा दिवस वेगळा ठरवू नका, कोणी येत नाही. आठवडी बाजाराचा दिवस धरा, त्या दिवशी सगळ्यांना स्पेअरसाठी नाहीतर भाजीसाठी तालुक्याला यायचंच असते. एक तास, जास्त नाही. सीझनमधे अर्धाच.

पहिल्या बैठकीत स्वतःची चूक

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात अवघड. आपल्या धंद्यात माणूस चूक सांगत नाही, कारण चूक सांगितली की गिऱ्हाईक जाते नाहीतर साहेब मेमो देते. म्हणून जो बोलावतो त्यानं आधी आपलं उघडं करायचं. मी पहिल्या दिवशी वरची कथा सांगितली, बिलासकट. दोन मिनिटं हसले सगळे, मग पाणीपुरवठ्याचे मामा हळूच म्हणाले, "मी तं बाप्पा तीन फेजच्या मोटरचे दोन वायर उलटे लावून पंप दोन दिवस उलटा चालवला होता, पाणी येत होतं थोडंथोडं, मी म्हटलं इहीर आटली." आणि मग गाडी सुरू झाली. सेंट्रीफ्युगल पंप उलटा फिरला तरी थोडं पाणी देतेच, म्हणूनच हा फॉल्ट लवकर सापडत नाही, हे त्या दिवशी चार जणांना पहिल्यांदा कळलं.

नियम दोनच ठेवले. कंपनीचं, ऑफिसचं, मालकाचं नाव घ्यायचं नाही. आणि "अबे एवढं पण माहीत नाही का तुले" हे वाक्य ज्यानं म्हटलं त्यानं सगळ्यांचा चहा द्यायचा. पहिल्या महिन्यात चहाचे लय पैसे झाले काकांचे.

चिठ्ठी लिहायची कशी

बोललेलं हवेत जाते. म्हणून प्रत्येक फॉल्टची एक चिठ्ठी, आणि चिठ्ठ्यांची वही. आम्ही साधं दोनशे पानी रजिस्टर घेतलं, पानाला नंबर टाकले, मागच्या बाजूला अनुक्रमणिका. मोबाईलवरही आहे, पण रजिस्टर सोडू नका, आमच्याकडे अर्ध्या वावरांत नेटवर्क नाही आणि मे महिन्यात उन्हात मोबाईलची स्क्रीन दिसत नाही.

चिठ्ठीत लोक काय लिहितात? "मोटर गरम होत होती, ठीक केली." याचा उपयोग शून्य. जो पुढं वाचणार आहे त्याला तुमचं निदान नको आहे, त्याला त्याच्या समोरची मशीन आणि तुमची मशीन एकच रोग दाखवते का ते ओळखायचं आहे. म्हणून आधी लक्षणं, मग रीडिंग, मग तुमचं मत, आणि तुमचं चुकलेलं मत तर नक्कीच लिहा, कारण पुढचा माणूस त्याच खड्ड्यातून जाणार असते. आमची एक नंबरची चिठ्ठी अशी आहे:

मशीन: सक्शन फॅन, ३० एचपी, ४ पोल, स्टार-डेल्टा स्टार्टर.
काय होते: ओव्हरलोड रिले ट्रिप. सकाळी नाही, ५-६ तास चालल्यावर. थंड होऊ दिलं की पुन्हा चालते.
आधी काय वाटलं: रिले खराब, मग बेअरिंग, मग वाइंडिंग. तिन्ही चूक.
रीडिंग: रिलेतून तिन्ही फेजला २३ च्या आसपास, म्हणजे करंट ठीक. लोडवर कॉन्टॅक्टरच्या पोलवर दोन ठिकाणी मिलिव्होल्ट, तिसऱ्यावर ३ व्होल्ट.
कारण: कॉन्टॅक्ट खाल्लेला, त्याची उष्णता खालच्या थर्मल रिलेत.
इलाज: कॉन्टॅक्ट किट, टर्मिनलचे स्क्रू पुन्हा कसले.
पंधरा दिवसांनी: ट्रिप नाही.
कोणी सांगितलं, कोणी केलं: दोघांची नावं.

"पंधरा दिवसांनी" हा रकाना विसरू नका. अर्ध्या दुरुस्त्या दुसऱ्या दिवशीच यशस्वी वाटतात, महिन्यानं तोच फॉल्ट परत येते आणि वहीत मात्र चुकीचा इलाज छापलेला राहते.

"थंड असताना ठीक, गरम झाल्यावर बोंब" असे शब्द अनुक्रमणिकेत टाका. माणूस फॉल्ट शोधताना मशीनच्या नावानं नाही शोधत, लक्षणाच्या नावानं शोधते. आमची अनुक्रमणिका आता अशीच आहे: फक्त पाऊस पडल्यावर, फक्त सकाळी, चालू होते पण लगेच बंद, आवाज येते पण फिरत नाही, आणि माझं आवडतं, "मी गेलो की बरोबर चालते".

सगळ्या चिठ्ठ्या सारख्या नसतात

दुसऱ्या वर्षी एक प्रकार झाला. ग्रुपवर (तेव्हा पुन्हा सुरू केला होता, ११ जणांचाच) एकानं व्हॉइस नोट टाकली की एसपीपी (एक फेज गेला की मोटर बंद करणारं सिंगल फेज प्रिव्हेंटर) सारखं ट्रिप करत असेल तर बायपास करून टाका, मोटर चालते. एका नव्या पोरानं ऐकलं, एका शेतकऱ्याच्या पंपावर केलं. आठ दिवसांनी रात्रीच्या लाईनीत एक फेज उडाला, चालू मोटर दोनच वायरवर फिरत राहिली, आणि असं झालं की तेवढ्याच लोडसाठी उरलेल्या वायरांतून पावणेदोनपट करंट ओढला जाते. सकाळपर्यंत मोटर कोळसा. व्हॉइस नोट टाकणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता, त्याच्या ठिकाणी एसपीपीच खराब होतं, पण तेवढं वाक्य राहून गेलं.

तेव्हापासून प्रत्येक चिठ्ठीवर शिक्का. ऐकीव, म्हणजे कोणीतरी सांगितलं. पाह्यलं, म्हणजे लिहिणाऱ्यानं स्वतः एकदा केलं. पक्कं, म्हणजे दुसऱ्या माणसानं दुसऱ्या मशीनवर करून तेच निघालं. पक्का शिक्का मारायला दोन सह्या लागतात आणि त्यातली एकही लिहिणाऱ्याची चालत नाही. आणि वहीच्या सुरुवातीला एक लाल पान आहे, तिथं "कधीच नाही" लिहिलं आहे: एसपीपी बायपास, ओव्हरलोडची सेटिंग "थोडीशी" वाढवणं, फ्यूजमधे जाड तार, अर्थिंगच्या वायरला न्यूट्रल म्हणून वापरणं. जुगाड म्हणजे आपल्या लोकांची अक्कल आहे, मी त्याच्या विरोधात नाही, पण संरक्षणाच्या वस्तूवर जुगाड नाही.

ओव्हरलोड सेटिंगवरून आठवलं, हे लिहूनच ठेवा कारण दर सीझनला नवीन पोरगा इथंच चुकते. स्टार-डेल्टात रिले मेन कॉन्टॅक्टरखाली, वाइंडिंगच्या फेजमधे बसवलेला असेल तर त्यातून लाईनचा पूर्ण करंट जात नाही, त्याच्या ०.५८ पट जाते. ३० एचपीच्या मोटरच्या प्लेटवर ४० अँपिअर आहे म्हणून रिले ४० वर लावला तर तो रिले नुसता शोभेचा, मोटर जळेपर्यंत तो उठत नाही. २३ वर लावायचा. एका ओळीची गोष्ट आहे, पण ती ओळ माहीत नसल्याची किंमत एक मोटर आहे.

"मी सारं सांगून टाकलं तं"

रिवाइंडिंगवाले काका चौथ्या-पाचव्या बैठकीत बोलले ते. "मी सारं सांगून टाकलं तं माह्या दुकानात कोण येईन?" प्रश्न बरोबर आहे आणि तुमच्याकडेही कोणीतरी विचारणारच, तेव्हा उडवून लावू नका. ज्याचं पोट ज्ञानावर आहे त्याला फुकट वाट म्हणणं सोपं नसते.

आम्ही असं ठरवलं की धंद्याचं गुपित कोणी मागायचं नाही. काकांच्या वहीत कोणत्या मोटरला किती टर्न, कोणता गेज, ते त्यांचं. पण मोटर काहून जळाली हे मात्र सांगायचं. आणि मग एका रविवारी काकांनी दुकानातच आम्हाला "जळकी मोटर वाचायला" शिकवलं, तीन उघडलेले स्टेटर (मोटरचा वाइंडिंगवाला, न फिरणारा भाग) समोर ठेवून. तिन्ही फेजची वाइंडिंग सारखीच काळी असेल तर ओव्हरलोड, नाहीतर थंड हवा मिळाली नाही. स्टार कनेक्शनच्या मोटरमधे दोन फेज काळे आणि एक कोरा असेल तर चालताना एक फेज गेला होता. डेल्टा असेल तर उलटं, एक काळा आणि दोन चांगले. एकाच कॉइलमधे टिकलीएवढा जळका डाग असेल तर तिथं इन्सुलेशन फुटलं. एवढंच. पण आता आमच्यातला कोणीही मोटर नुसती टाकून येत नाही, उघडल्यावर फोटो मागते, आणि कारण वावरात जाऊन दुरुस्त करते. काकांचं दुकान बंद नाही पडलं. उलट लोक म्हणतात यांच्याकडची मोटर पुन्हा जळत नाही. ती पुन्हा जळत नाही कारण डीपीवरचा लूज जंपर आमच्या लाईनमननं कसून दिलेला असते, पण नाव काकांचं होते, होऊ द्या.

पंपवाल्यांच्या इतिहासात याचं एक लय भारी उदाहरण आहे. इंग्लंडात कॉर्नवॉल भागात तांब्याच्या आणि कथिलाच्या खाणी, खाणीत पाणी भरे, ते उपसायला वाफेची इंजिनं. जेम्स वॉटचं पेटंट १८०० साली संपलं तोवर खाणवाल्यांना त्याच्या कंपनीला पैसे मोजावे लागत आणि दुसऱ्यानं सुधारणा केली की कोर्टकचेरी. पेटंट संपल्यावर सुरुवातीला इंजिनांची हालत बिघडलीच, कोण काय करते कोणाला पत्ता नाही. मग १८११ पासून जोएल लीन नावाच्या खाण-व्यवस्थापकानं दर महिन्याला छापून काढायला सुरुवात केली की कोणत्या खाणीवरचं कोणतं इंजिन कोळशाच्या तेवढ्याच मापात किती पाणी उपसते, इंजिनिअरच्या नावासकट. तिथल्याच रिचर्ड ट्रेव्हिथिकनं १८१२ च्या सुमारास जास्त दाबाच्या वाफेचं नवं इंजिन बसवलं, त्याचं पेटंट घेतलं नाही, बाकीच्यांनी पाहिलं, आपापल्या परीनं सुधारलं, पुन्हा आकडे छापले. पुढच्या तीसेक वर्षांत तेवढ्याच कोळशात होणारं सरासरी काम तिपटीच्या आसपास गेलं. कोणी एकानं शोध लावला असं नाही, सगळ्यांनी एकमेकांच्या आकड्यांवर चढत चढत लावला. आणि ज्याचे आकडे चांगले त्याला दुसरी खाण बोलवायची, म्हणजे धंदाही वाढला. मी हे काकांना सांगितलं तर ते म्हणे, "म्हणजे त्याईची पण वहीच होती."

नाव लिहायचं महत्त्वही त्यातच आलं. झेरॉक्स कंपनीच्या मशिनी दुरुस्त करणाऱ्या टेक्निशियनसोबत ज्युलियन ऑर नावाचा एक मानववंशशास्त्रज्ञ १९८० च्या दशकात फिरला होता, आणि त्याला दिसलं की ही माणसं मॅन्युअलपेक्षा जेवताना एकमेकांना सांगितलेल्या बिघाडाच्या गोष्टींवर जास्त चालतात. पुढं त्या कंपनीनं टेक्निशियन लोकांचे इलाज जमा करायची व्यवस्था काढली, तिचं नाव युरेका, त्यात इलाज दुसऱ्या टेक्निशियननं तपासायचा आणि खाली सांगणाऱ्याचं नाव. पैशापेक्षा नावाचं वजन जास्त ठरलं. आमच्याकडेही तसंच आहे. वायरमन पोराच्या चिठ्ठीवर पक्का शिक्का बसला की तो फोटो काढून घरी दाखवते.

म्हाताऱ्या मिस्त्रीकडून काढून घ्यायचं कसं

रिटायर होणाऱ्या माणसाला खुर्चीवर बसवून "काका, तुमचा अनुभव सांगा" म्हटलं की तो म्हणते, "काय सांगू, सगळं सोपंच असते." त्याला मशीनजवळ न्या. हळूहळू चालत जा, प्रत्येक मशीनपाशी थांबा आणि एकच विचारा, "इनं कधी धोका दिला होता?" आमच्या जिनिंगच्या जुन्या मिस्त्रींनी असं चालत चालत दोन तासांत जे सांगितलं ते कोणत्याच फाईलीत नव्हतं: कोणत्या पायाखाली काळी माती आहे आणि पावसाळ्यात तो फाउंडेशन उचलल्यावर कोणत्या पट्ट्याचं अलाइनमेंट जाते, स्क्रू-ड्रायव्हरचा दांडा कानाला आणि टोक बेअरिंगच्या हाउसिंगला लावल्यावर चांगली बेअरिंग कशी सळसळते आणि मरायला आलेली कशी करकरते. आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा, शब्दात येत नाही तो.

आपल्या भागाचं पान वेगळं

मॅन्युअल लिहिणाऱ्यानं विदर्भ पाहिलेला नसते. म्हणून वहीत महिन्यांप्रमाणे एक पान करा.

मे महिन्यात शेतकरी फोन करतात, "ऊन एवढं कडक अन् सोलर पंप पाणी कमी फेकून राहिला." पंप खराब नाही. पॅनलची ताकद २५ अंश तापमानाला मोजलेली असते. आपल्याकडे चंद्रपूर-वर्ध्याकडं पारा ४५ च्या वर जाते तेव्हा पॅनल स्वतः ७० च्या आसपास तापते, आणि दर अंशाला साधारण ०.३५ ते ०.४ टक्का ताकद कमी होते, म्हणजे १५-१८ टक्के तिथंच गेले. वरून धूळ. धुवा, पण पहाटे, तापलेल्या काचेवर दुपारी थंड पाणी मारू नका. आणि जानेवारीत उलटं होते, थंडीत पॅनलचं व्होल्टेज वाढते, म्हणून ज्या साईटवर स्ट्रिंगला (एकापाठोपाठ जोडलेल्या पॅनलच्या माळेला) काठोकाठ पॅनल जोडले आहेत तिथं कंट्रोलर गारठलेल्या सकाळी ओव्हरव्होल्टेज दाखवून बसते. दोन पोरांनी यासाठी कंट्रोलर बदलायला पाठवले होते. चिठ्ठी नंबर ३१ वाचली असती तर एक चक्कर वाचला असता.

अर्थिंग मे मधे मोजा, ऑगस्टमधे नाही. ओली काळी माती चांगली अर्थिंग देते, उन्हाळ्यात तीच भेगाळून इलेक्ट्रोडपासून सुटते. आणि विजा कडाडतात त्या जूनच्या सुरुवातीला, पहिल्या पावसाच्या आधी, म्हणजे अर्थिंग सगळ्यात वाईट असते नेमकी तेव्हा. उंदीर, रानडुक्कर आणि केबल हा विषय वेगळा लिहीन, त्याच्याच आठ चिठ्ठ्या आहेत.

औजारं सामायिक

मेगर (मोठं व्होल्टेज टाकून इन्सुलेशन मोजायचं मीटर), अर्थ टेस्टर, बेअरिंग पुलर, चांगला क्लॅम्प मीटर, हे एकट्याला परवडत नाही आणि रोज लागत पण नाही. आम्ही वर्गणी काढून घेतलं, काकांच्या दुकानात ठेवलं, नेणाऱ्यानं वहीत सही. मेगरसोबत डब्यात एक चिठ्ठी चिकटवली आहे: आधी कंट्रोलर, ड्राइव्ह सोडा, मग मेगर मारा. ५०० व्होल्ट ड्राइव्हच्या इलेक्ट्रॉनिक्समधे गेले की दुरुस्ती करायला गेलेला माणूस नवा खर्च लावून येते. हे लिहिण्याआधी एकानं तसं केलं होतं. त्यानंच ती चिठ्ठी लिहिली आहे.

लाईनवर हात घालायच्या आधी

इथं मात्र मी जुगाडू भाषेत बोलणार नाही. टीमवर्क म्हणजे काय हे इथंच कळते, कारण एकाच्या गैरसमजानं दुसरा मरते. "बंद केलं नं?" "हो, केलं" एवढ्या फोनवर कोणीही हात लावायचा नाही. लेखी परमिट. बंद करणाऱ्यानं आपलं कुलूप लावायचं, चावी काम करणाऱ्याच्या खिशात. मग टेस्टरनं पाहायचं, टेस्टर आधी चालू लाईनवर तपासून. मग तिन्ही फेज शॉर्ट करून अर्थ करायचे, कारण परमिट घेऊनही लाईन जिवंत होऊ शकते: कोणाच्या लग्नाच्या मांडवात चेंजओव्हर (लाईन तोडून जनरेटर जोडणारा स्विच) न लावता जनरेटर चालू होते, नाहीतर कोणी डुकरासाठी कुंपणात करंट सोडलेला असते. सोलरवर तर सूर्य बंद करता येत नाही, दिवसा स्ट्रिंगवर शेकडो व्होल्ट डीसी असतेच, लोडवर असताना कनेक्टर ओढला की आर्क होते आणि डीसीचा आर्क लवकर विझत नाही. आधी आयसोलेटर (लाईन तोडायचा स्विच) बंद, मग कनेक्टर.

आमचा लाईनमन प्रत्येक नव्या माणसाकडून हे परत म्हणवून घेते, पाठ झाल्याशिवाय मेगरला हात लावू देत नाही. त्याला सगळे खडूस म्हणतात. म्हणू द्या.

ग्रुप आणि वही यांचं जुळवून घेणं

मोबाईलवरचा ग्रुप आग विझवायला चांगला, साठवायला वाईट. अडकलं की फोटो टाका, विचारा, दहा मिनिटांत कोणीतरी बोलते. पण ते उत्तर चार दिवसांत खाली जाते. म्हणून महिन्याला एक "कारकून" फिरता ठेवा, त्याचं काम एवढंच की ग्रुपवर सुटलेला फॉल्ट बाजाराच्या दिवशी चिठ्ठीत उतरवायचा, व्हॉइस नोट ऐकून शब्दात लिहायच्या. कंटाळवाणं काम आहे, म्हणून एकाच माणसावर टाकू नका, तो वैतागून पळते. आमचे दोन पळाले.

आणि ज्या फॉल्टचं उत्तर मिळालं नाही तोही लिहा, उघडा ठेवा. सध्या आमच्याकडे अशी एकच उघडी आहे, नंबर ११८: ५ एचपी सोलर पंप, आठवड्यातून दोन-तीनदा सकाळी साडेअकराच्या आसपास अर्थ फॉल्ट दाखवून बंद, पाच मिनिटांनी आपोआप चालू. कंट्रोलर सोडून केबल आणि मोटर मेगर केली, चांगली आहे. कनेक्टर बदलले. पाऊस नाही, दव नाही. शेजारच्या वावरात फवारणी चालते तेव्हाच होते असा एकाला संशय होता, पण मागच्या आठवड्यात फवारणी नसतानाही झालं. कारणाचा रकाना रिकामा आहे. बुधवारी सोलरवाला पोरगा आणि मी जाऊन अकरा वाजेपासून तिथंच बसणार आहोत, डबा घेऊन. कोणी असं पाहिलं असेल तर त्याच्या आधी सांगा.